कातकरीवाडीची दप्तरे

पेण आणि रोहा या तालुक्यांत बेघर माणूस शोधायचा तर तो रस्त्याच्या कडेला झोपलेला क्वचितच सापडेल. दिवाळीनंतर तो वीटभट्टीच्या आवारातल्या कोपीत असतो. पावसाळ्यात तो दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या असलेल्या कुडाच्या घरात परततो, आणि ते घर कधी मोडायचे हे जमीनमालकाच्या हाती असते. हा माणूस बहुतेक वेळा कातकरी असतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह राज्यातील तीन आदिम जमातींत त्यांची गणना होते, आणि त्यांची मोठी वस्ती जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आहे. शासनाला ते दिसलेच नाहीत, त्यांची कुठे नोंदच नाही, असे सर्रास म्हटले जाते. इतिहास वेगळेच सांगतो. दीडशे वर्षांत जंगलखात्याने, महसूलखात्याने, पोलिसांनी, जनगणनेने, शाळेने, अंगणवाडीने आणि रेशन दुकानाने, प्रत्येकाने कातकऱ्यांना आपापल्या दप्तरात लिहिले आहे. मात्र यातली कोणतीही दोन दप्तरे कधी एकमेकांशेजारी उघडली गेली नाहीत आणि अलीकडेपर्यंत एकही दप्तर कुटुंबाच्या पाठोपाठ चालले नाही. या कुटुंबांच्या बेघरपणाचे एक मोठे कारण त्यांच्या नोंदींच्या या विखुरलेपणात आहे, असे माझे म्हणणे आहे. म्हणून बेघरांसाठी काम करणाऱ्या सर्व खात्यांनी आणि संस्थांनी एकच सामायिक नोंद वापरावी, हा जगभर मांडला जाणारा विचार पेण-रोह्याच्या इतिहासावर तपासून पाहण्याजोगा आहे.

पहिले दप्तर जंगलाचे. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणे हा या लोकांचा धंदा. त्या कामाची जागा जंगलात, आणि खैर संपला की बिऱ्हाड पुढच्या रानात. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या, आणि कात काढणे, राब जाळून डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवणे हे आदल्या दिवसापर्यंतचे रोजचे जगणे परवानगीचा विषय झाले. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा गॅझेटियरमध्ये कातकऱ्यांचे वर्णन आहे. ते लिहिणाऱ्याची नजर त्यांच्या गरिबीपेक्षा त्यांच्या कथित चोरटेपणावर अधिक खिळलेली आहे. त्याच काळात सरकारने डोंगरउतारावरचे काही तुकडे ठाकूर आणि कातकरी यांना कसण्यासाठी दिले. यालाच दळी जमीन म्हणतात. रोहा, सुधागड, माणगाव, पेण या भागांत दळीचा प्रश्न आजही ताजा आहे. दळी दिली जाई ती बहुधा गटाच्या नायकाच्या नावाने. कागदावर एक नाव, एक क्षेत्र, एक आकार. नायकाच्या मागे किती चुली आहेत, त्या वर्षातून किती महिने कुठे असतात, नायक वारल्यावर त्याच्यासोबत कसणाऱ्यांचे काय, याला त्या कागदात जागाच नव्हती. जंगलखात्याला वसुलीसाठी एक माणूस पुरेसा होता आणि नोंद तेवढ्याच बेताची झाली. शंभर वर्षांनी, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे भरायची वेळ आली, तेव्हा या अपुऱ्या नोंदीची किंमत नायकामागच्या अनाम कुटुंबांनी मोजली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करायचा, आणि जवळचा कागद मात्र दुसऱ्याच्या आजोबाच्या नावाचा. सर्वहारा जन आंदोलन या संघटनेने १९९० च्या दशकापासून रायगडात दळीचा लढा चालवला. त्यातले बरेचसे काम मोर्चाचे होते तसे कागद शोधण्याचेही होते, आणि या दुसऱ्या कामाची दखल फार कमी घेतली जाते.

दुसरे दप्तर महसुलाचे. मुंबईच्या चुलींना लागणारा कोळसा पाडण्यासाठी ठेकेदारांनी कातकऱ्यांना हाताशी धरले. शेतकऱ्यांनी बांधावर राखणीला आणि लावणीला हाताशी धरले. राहण्याची जागा काम देणाऱ्याची. गावापासून जरा दूर, ओढ्याकाठी किंवा टेकाडावर, मालकाच्या वरकस जमिनीत वाडी बसली, आणि काम टिकले तोवर वाडीही टिकली. खोती १९४९ च्या कायद्याने संपली. त्याआधीच, १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने, कलम १६ ते १८ मध्ये, कुळाच्या आणि शेतमजुराच्याही राहत्या घराला संरक्षण दिले होते. स्वतःच्या खर्चाने घर बांधून राहणाऱ्याला जमीनमालकाने सहज उठवू नये आणि मालकाने ती जागा विकायला काढली तर पहिला हक्क राहणाऱ्याचा असावा, असा त्याचा आशय. कायदा चांगला होता. तो वापरायला मात्र अमुक कुटुंब अमुक जागी अमुक सालापासून राहते एवढे सिद्ध करावे लागे, आणि नेमके तेवढेच कुठे एका जागी लिहिलेले नव्हते. तलाठ्याच्या सातबाऱ्यावर मालकाचे नाव होते. इतर हक्काच्या रकान्यात वाडी चढलीच नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये काही घरे आली, पण ती घरपट्टीसाठी. नमुना ८ म्हणजे मालकी नव्हे, हे पुढे प्रत्येक कचेरीने त्यांना ऐकवले. शाळेच्या दाखल्यावर मुलाचा पत्ता वाडीचाच होता. मतदारयादीतही वाडी होती. हे चार कागद एका टेबलावर मांडले असते तर राहण्याचा पुरावा उभा राहिला असता. ते चार वेगवेगळ्या कचेऱ्यांत राहिले आणि १९४८ चे संरक्षण वाडीपर्यंत पोचायला अर्धे शतक अपुरे पडले. दरम्यान मुंबई-गोवा महामार्गालगतच्या जमिनीला भाव आला, शेतघरांची कुंपणे पडू लागली आणि वाडीची वाट बंद करून माणसे उठवण्याची जुनी रीत नव्या मालकांनी पुढे चालवली.

पेणमध्ये जमिनीचा प्रश्न केवढा तापू शकतो हे २००८ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध आंदोलन उभे राहिले आणि हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सप्टेंबर महिन्यात प्रकल्पाबद्दल शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. शेतकऱ्यांनी जमीन द्यायला नकार दिला. देशातल्या भूसंपादनाच्या इतिहासात या कौलाचे स्थान मोठे आहे आणि ते कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. तरीही या घटनेतून आपल्या विषयाला एक धडा मिळतो: कौल विचारला गेला तो जमीनधारकांना, म्हणजे ज्यांचे नाव महसुली दप्तरात होते त्यांना. त्याच शिवाराच्या कडेला राहणाऱ्या, पण कुठल्याही उताऱ्यावर नसलेल्या कुटुंबाचे काय मत आहे हे विचारण्यासाठी हाताशी यादीच नव्हती. यातली विसंगती अशी की, ज्या विनोबांनी भूमिहीनांसाठी देश पायी पालथा घातला त्यांचा जन्म १८९५ साली याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात झाला.

वाडी वर्षातून सहा-सात महिने रिकामी असते, आणि आजवरच्या बहुतेक दप्तरांची गफलत इथेच आहे. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की जोडपी भट्टीवर जातात. भट्टीवर मजुरी जोडप्याची मोजली जाते. पोरे सोबत असतात. काही कुटुंबे पेण, पनवेल, कल्याण, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, काही कोळसा पाडायला घाटावर आणि थेट कर्नाटकापर्यंत. जाण्याआधी, बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा सणाला, हातात धान्य नसते तेव्हा, मालकाकडून उचल घेतलेली असते. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, आणि पाऊस जवळ आला की हिशोब होतो. हिशोबात उचल आणि खर्ची वजा जाऊन काही उरले तर हातात, नाहीतर पुढच्या हंगामावर. या साऱ्या व्यवहाराची नोंद मालकाच्या किंवा मुकादमाच्या वहीत असते. नीट विचार केला तर कातकरी कुटुंब कुठल्या वाडीचे, या हंगामात कुठल्या भट्टीवर, घरात काम करणारी माणसे किती, गेल्या वर्षी कुठे होते, हे सगळे ठाऊक असलेले आणि कुटुंबाबरोबर हलणारे एकच दप्तर इतिहासात तयार झाले, ते कर्जाच्या या वहीचे. सरकारची सगळी दप्तरे जागेला खिळलेली होती. सावकारीचे दप्तर तेवढे माणसाला धरून होते. म्हणून वेठबिगारी टिकली, असे एका वाक्यात म्हणणे अतिशयोक्ती ठरेल, पण ती टिकण्यात या वहीचा वाटा मोठा होता.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने देशभर बेकायदा ठरली. त्याच वर्षीच्या नियमांत मुक्त झालेल्या प्रत्येक वेठबिगाराचे नाव-पत्ता, व्यवसाय आणि त्याला मिळालेले लाभ यांची नोंदवही जिल्हा दक्षता समितीने ठेवावी, अशी स्पष्ट तरतूद आहे. आजच्या भाषेत सामायिक नोंद म्हणतात तिचा हा देशी आराखडाच होता: माणूस कोण, कुठून सुटला, पुढे त्याला जमीन, घर, काम यांपैकी काय मिळाले. ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकात कातकरी वेठबिगारांच्या मुक्ततेचे मोठे काम केले, आणि मुक्तीनंतर पुनर्वसन झाले नाही तर माणूस पुन्हा उचल घेतो, हे तिथल्या अनुभवाने दाखवून दिले. सुटकेची नोंद एका कचेरीत आणि घरकुलाची यादी दुसरीत, अशी फाळणी असली की हा उलटा प्रवास कुणाच्या लक्षातच येत नाही.

जनगणनेचा मुद्दा याहून बारीक आहे आणि माझ्या मते याहून महत्त्वाचा. भारतात १८८१ पासूनच्या जवळजवळ सर्व जनगणना फेब्रुवारी-मार्चमध्ये झाल्या. प्रशासनाला हा काळ सोयीचा: पाऊस नाही, रस्ते कोरडे, माणसे घरी. कातकऱ्यांच्या बाबतीत मात्र फेब्रुवारी हा घरी नसण्याचा ऐन हंगाम आहे. २०११ साली बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे बेघर नोंदली गेली. त्या रात्री भट्टीवरच्या कोपीत झोपलेले कुटुंब या आकड्यात येण्याची शक्यता थोडीच, कारण कोपीलाही छप्पर असते आणि छपराखालचा माणूस गणनेच्या व्याख्येत बेघर ठरत नाही. ते मोजले गेले असेल तर भट्टीच्या गावात. मूळ वाडीत दाराला कडी. म्हणजे वाडीची लोकसंख्या कागदावर आटली, भट्टीच्या गावाला त्यांची जबाबदारी वाटली नाही, आणि बेघरांच्या आकड्यातही ते आले नाहीत. पुढची अंगणवाडी, पाण्याची योजना, शाळेची खोली याच लोकसंख्येवर ठरते. २०११ मध्येच सुरू झालेल्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात आदिम जमातींच्या कुटुंबांना आपोआप गरीब धरण्याचा चांगला निकष होता. पण सर्वेक्षणात आपोआप येण्यासाठी सर्वेक्षक दारात आला तेव्हा दार उघडे असावे लागते.

गेल्या पंचवीस वर्षांत धोरणाची बाजू खूप बळकट झाली, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००३ रोजी आदिम जमातींच्या कुटुंबांना अंत्योदय योजनेत घेण्याचा आदेश दिला. स्वतःची जागा नसलेल्यांना घरकुलासाठी जागा घ्यायला राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आली. पेणला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी आहे. जातीचे दाखले आणि रेशनकार्डे देण्याची शिबिरे वाड्यांवर झाली. १५ नोव्हेंबर २०२३ पासून आदिम जमातींसाठी पंतप्रधान जनमन अभियान सुरू झाले, २४ हजार १०४ कोटी रुपयांचे, नऊ मंत्रालयांना एकत्र आणणारे. त्यात पक्क्या घरासाठी २ लाख रुपये मिळतात. मात्र या प्रत्येक दारी त्याच कुटुंबाला तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा रहिवास, घरकुलासाठी जागेचा कागद, रेशनसाठी आधार, शाळेसाठी जन्माचा दाखला. एका कचेरीने गृहचौकशी करून मान्य केलेली गोष्ट दुसरी कचेरी शून्यापासून तपासते. प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे जाते, आणि चौथ्या फेरीपूर्वी दिवाळी येऊन भट्टीची गाडी वाडीवर उभी राहते.

सामायिक नोंदीची कल्पना अमेरिकेत याच अडचणीतून पुढे आली. तिथल्या शहरांत प्रत्येक निवारागृहाची, दवाखान्याची, धर्मादाय संस्थेची यादी वेगळी. एकच माणूस तीन ठिकाणी मोजला जाई आणि तिघांनाही त्याचे पुढे काय झाले ते कळत नसे. २००१ साली अमेरिकी संसदेने गृहनिर्माण खात्याला बेघरांच्या सेवांची एकत्र नोंद उभारायला सांगितले आणि २००४ मध्ये त्या नोंदींचे एकसमान निकष ठरले. महाराष्ट्रातही बीज पडलेले आहे. अंगणवाडीच्या लाभार्थी गर्भवती आणि बालके स्थलांतर करतात तेव्हा त्यांना विशिष्ट क्रमांक देऊन, ती जिथे पोचतील तिथल्या अंगणवाडीला त्यांची माहिती कळवणारी स्थलांतर मागोवा प्रणाली राज्याच्या महिला व बालविकास खात्याने पालघर, नंदुरबार, अमरावती, चंद्रपूर, गडचिरोली आणि जालना या जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू केली. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात रेशनकार्ड परस्परांकडे चालू लागले, आणि पुढे ती सोय देशभर झाली. धान्याची नोंद माणसाबरोबर हलू शकते, हे सिद्ध झाले. घराची, शाळेची, दाखल्याची नोंद त्याच्याबरोबर का हलू नये, याचे तांत्रिक उत्तर आता कुणाकडे नाही.

गंभीर आक्षेप तंत्राचे नाहीतच. पहिला आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो मी पूर्णपणे मानतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या देशात माणसांचा माग ठेवणारी नोंद कशी असते ते दाखवले: नाव लिहा, हजेरी घ्या, गाव सोडायला परवाना मागायला लावा. तो कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द झाला. चोरी झाली की आधी कातकरीवाडीवर जाण्याची सवय मात्र लगेच रद्द झाली नाही. ज्या समाजाला नोंदीचा असा अनुभव आहे त्याने आपला सारा ठावठिकाणा एका यंत्रणेत देण्यास कचरावे, यात आश्चर्य नाही. उद्या हीच नोंद पोलिसांनी मागितली तर? जमीन उठवायला निघालेल्या विकासकाला कोणती वाडी कोणत्या महिन्यात रिकामी असते हे कळले तर? भट्टीमालकाने आपल्याकडून उचल घेऊन दुसरीकडे गेलेल्या जोडप्याचा पत्ता त्यातून काढला तर? या शंका काल्पनिक नाहीत. अमेरिकेतही घरगुती हिंसेतून सुटलेल्या स्त्रियांना आसरा देणाऱ्या संस्थांनी त्यांची माहिती सामायिक नोंदीत घालू नये, असा कायदाच २००५ च्या सुमारास करावा लागला. पत्ता हाच त्यांचा धोका होता. म्हणून नोंद एक असणे याचा अर्थ ती सर्वांना खुली असणे असा होता कामा नये. आरोग्याचे ते आरोग्यखात्याला, जागेचे ते महसूलखात्याला, एवढेच दिसावे. पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय काहीच नाही. सध्याचा भट्टीचा पत्ता कुटुंब स्वतः सांगेल त्याच सेवेला. आणि नोंदीची छापील प्रत कुटुंबाच्या हाती. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो भट्टीवरच्या माणसाचाही आहे. या अटी न पाळता नोंद जोडायची असेल तर ती न जोडलेली बरी, असे मी म्हणेन.

दुसरा आक्षेप चळवळीतल्या माणसांचा: प्रश्न जमिनीचा आहे, तुम्ही माहितीचे काय घेऊन बसलात? गावठाण द्या, घर आपोआप होईल. हे खरेच आहे की नोंद म्हणजे घर नव्हे. तरीही जमिनीचा लढा नोंदीशिवाय जिंकला गेल्याचे उदाहरण या जिल्ह्यात शोधावे लागेल. डॅनिअल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी रायगड-ठाण्यातल्या कातकरी वाड्यांच्या निष्कासनाचा अभ्यास केला, त्याचे पुस्तक २०१३ मध्ये आले. त्या कामातला मोलाचा भाग वाड्यांनी स्वतः केलेल्या नोंदींचा आहे: वाडीचा नकाशा, कुटुंबांची यादी, कोण केव्हापासून राहते, जमीन कोणाच्या नावावर. त्या आधारे गावठाणासाठी अर्ज झाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे. तो अधिकार वापरायला त्याच्यासमोर असेच काहीतरी ठेवावे लागते. वाडीने केलेली यादी आणि सरकारने केलेली यादी यांत मूलभूत फरक आहे, तो मालकीचा. पहिली यादी मूळ धरून सरकारी दप्तरे तिला जोडली, तर दुसऱ्या आक्षेपाबरोबर पहिल्याचेही बरेचसे उत्तर मिळते.

आधार आहे, मग आणखी काय हवे, असेही विचारले जाते. आधार हा माणूस तोच आहे एवढे सांगतो. त्याचे घर कोणाच्या जमिनीवर आहे, त्याच्या मुलीचे नाव कोणत्या शाळेत आहे, घरकुलाचा अर्ज कुठे अडला आहे, हे सांगत नाही.

येत्या जनगणनेची लोकसंख्या मोजणी देशाच्या बहुतेक भागात फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे, संदर्भ दिवस १ मार्च. ही पहिली डिजिटल जनगणना असेल. तारीख मात्र पुन्हा तीच, भट्टीच्या हंगामातली. तारीख आता बदलणार नाही. पेण आणि रोहा तहसील कार्यालयांनी, प्रकल्प कार्यालयाने आणि इथे वर्षानुवर्षे काम करणाऱ्या संघटनांनी २०२६ च्या पावसाळ्यात, वाड्या भरलेल्या असताना, ग्रामसभेपुढे वाचून दाखवलेली वाडीवार कुटुंबयादी केली, दिवाळीला कोण कुठल्या तालुक्यात निघाले एवढे कुटुंबाच्या संमतीने तिच्यात टिपले, आणि फेब्रुवारीत प्रगणकाने भट्टीवर मोजलेल्या कुटुंबाला मूळ वाडी विचारली, तर कुलूपबंद घरांची खरी संख्या पहिल्यांदा समोर येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडीसेविका आणि शिक्षक, चौघांना एकाच दिवशी वाडीवर जावे लागते, आणि आपापल्या वह्या सोबत न्याव्या लागतात.